रामन आणि समुद्राची निळाई

सुरतेजवळ हजिऱ्यासमोरचा समुद्र गढूळ आहे आणि खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीची ओढ जबर. २००१ मध्ये तेथील समुद्रतळाची जी चित्रे गाजली, ती ध्वनी सोडून व त्याचा प्रतिध्वनी टिपून काढलेली होती. बुडालेल्या नगरीचा तो दावा आम्हांस पटलेला नाही, परंतु ध्वनीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी काही मीटरांतच विरतात. समुद्रात सोडलेल्या मानवरहित यानाशी तारेवाचून बोलायचे, तर दूरवर ध्वनी आणि नितळ पाण्यात जवळपास निळा-हिरवा प्रकाश, एवढाच मुख्य आधार. असली याने नव्हती तेव्हा या दोहोंचा पाण्यातील व्यवहार सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अभ्यासला होता.

१८८८ मध्ये तिरुचिरापल्लीस जन्मलेले रामन १९०७ पासून सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते. मध्यंतरी नागपुरासही त्यांची बदली झाली होती. कलकत्त्यास कचेरीच्या आधी व नंतर ते प्रयोगशाळेत रमत. १९१७ मध्ये भरपूर पगाराची ही नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले.

१९२१ मध्ये विलायतेहून नारकुंडा बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना भुरळ घातली. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण होते. रामन यांनी जवळच्या निकोल लोलकातून पाहून ते प्रतिबिंब वगळले. निळाई गेली नाही, उलट गहिरी झाली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी मुंबई बंदरातूनच ‘नेचर’ला लिहून कळविले. तेथूनच पुढे १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक. समुद्र निळा का, असे विचारणाऱ्यास आज कोणते सरकारी खाते अनुदान देईल?

आम्हांला त्यांचे बंगळूरचे दिवस अधिक बोलके वाटतात. १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९३७ मध्ये ते पद सोडावे लागले. त्यांचा ताठर स्वभावही त्यास कारण झाला असावा. पण त्याच धामधुमीत, १९३५-३६ मध्ये, नागेंद्र नाथ यांच्यासह त्यांनी द्रवातून जाणाऱ्या श्रवणातीत ध्वनिलहरी प्रकाशाला कशा वळवितात, याचे गणित मांडले.

१९४८ मध्ये स्थापिलेल्या स्वतःच्या संस्थेत सरकारी पैशावर विसंबणे त्यांनी टाळले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच त्यांचे दहन झाले.