ध्वनीचे साधक : कै. विष्णुपंत दामले

आमच्या पेडणे-डिचोली भागात देवळांच्या उत्सवांत रात्र-रात्र नाटके होतात. ध्वनिक्षेपक नव्हते, त्या काळी मंडपातील शेवटच्या माणसाच्या कानी आपला शब्द पडावा म्हणून नट सारी शक्ती पणास लावीत. चित्रपटात मात्र हा भार पडद्यामागील एका माणसाने उचललेला असतो आणि त्याचे नाव आपण क्वचितच विचारतो. मराठी बोलपटाच्या जन्मकाळी हा भार ज्यांनी वाहिला, त्या विष्णुपंत दामले यांचे चरित्र म्हणूनच आम्हांस मननीय वाटते.

विष्णुपंतांचा जन्म 1892 साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेण येथे झाला. ते मूळचे चित्रकार. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडदे रंगविणे, नेपथ्य उभारणे, यंत्रे जुळविणे अशी नाना कामे त्यांनी केली. तेथेच एस. फत्तेलाल यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि तो आयुष्यभर टिकला. 1929 साली व्ही. शांताराम, धायबर, फत्तेलाल व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली.

दोनच वर्षांनी, 1931 मध्ये, ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांचे आसन डळमळले. ‘प्रभात’नेही बोलपट काढण्याचे ठरविले, तेव्हा ध्वनिलेखनाची जबाबदारी विष्णुपंतांनी स्वीकारली. रंग-रेषांत रमलेल्या या कलावंतास चाळिशीच्या उंबरठ्यावर नव्याने विद्यार्थी व्हावे लागले!

हे काम मोठे नाजूक होते. आवाजाचे विजेत आणि विजेचे प्रकाशात रूपांतर करून तो फिल्मवर उमटवावयाचा असे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत; वेग थोडा कमी-अधिक झाला तरी चाले. बोलपटात सेकंदाला 24 चित्रे हा वेग अढळ ठेवावा लागे, नाही तर सूर बिघडे. शिवाय गाणीही चित्रीकरण चालू असतानाच प्रत्यक्ष म्हटली जात. वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसवावे लागे आणि बाहेरचा क्षुल्लक आवाजही घात करी. रंगभूमीवर शेवटच्या रांगेसाठी फेकलेला स्वर येथे हाताच्या अंतरावरील मायक्रोफोनने टिपावयाचा होता.

या कसोटीतून पार पडलेला ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट होय. गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांचे त्यातील स्वर आजही ऐकावयास मिळतात.

पुढे ‘प्रभात’ पुण्यास गेली. तेथे दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शिलेल्या ‘संत तुकाराम’चा 1937 साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरव झाला. एवढे यश लाभूनही विष्णुपंतांनी स्वतःचा डांगोरा पिटला नाही. 1945 साली ते निवर्तले. ‘प्रभात’ही पुढे बंद पडली, परंतु तिच्याच वास्तूत 1960 साली शासनाची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली आणि देशभरातील तरुण तेथे ध्वनिलेखनाचे शास्त्र शिकू लागले. जी विद्या विष्णुपंतांना धडपडत मिळवावी लागली, तिचे रीतसर वर्ग त्याच आवारात भरावेत, याहून उचित स्मारक कोणते?

आमच्या संमेलनातही पडद्यामागे राबणारे विद्यार्थी असतात. टाळ्या नटांस मिळतात, आणि त्या मिळाव्यातच. पण त्या शब्दांना आपल्यापर्यंत पोचविणाऱ्या हातांचेही स्मरण ठेवावे, एवढे तरी या चरित्रापासून आम्ही शिकलो पाहिजे.