पंडिता रमाबाई : वाँटेज ते केडगाव

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात १८८३ हे साल निर्णायक मानण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि महाराष्ट्रातील सारा वाद पुढे धर्मांतर या एकाच शब्दाभोवती फिरत राहिला. समर्थक आणि विरोधक या दोहोंनीही ती घटना तेथेच पूर्ण झाल्याचे गृहीत धरले. रमाबाईंच्या स्वतःच्या लेखी मात्र तो प्रारंभ होता, आणि तोही अपुरा.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमत झुगारून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या मुलीचे बालपण तीर्थयात्रेत गेले. पुराणकथन हेच कुटुंबाचे पुण्य आणि तीच उपजीविका. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. व्रते, दाने, अनुष्ठाने यांत कसूर झाली नव्हती. तरीही हे घडले. रमाबाईंच्या परंपरागत श्रद्धेला पहिला तडा ग्रंथाने नव्हे, भुकेने गेला, हे लक्षात न घेतल्यास पुढचे बरेच दुर्बोध राहते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या पदव्यांमागची भाषा त्यांच्याजवळ होती. भाषेमागचा देव दुरावत चालला होता.

बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये विवाह झाल्यावर सिल्चरच्या घरी त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाली. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी झालेल्या चर्चेने त्यांच्या बुद्धीचे समाधान होत गेले. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी पाहून मनही वळले. तथापि बाप्तिस्म्यानंतरचा वाँटेजचा पत्रव्यवहार विलक्षण आहे. सिस्टर जेराल्डिन यांना आज्ञाधारक कन्या हवी होती. रमाबाईंनी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर आणि चर्चच्या अधिकारावर प्रश्न विचारले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, येथपर्यंत वाद गेला. या प्रसंगाकडे बहुधा स्वाभिमानाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. परंतु देवाजवळ जाताना उसन्या शब्दांनी जायचे नाही, हा आग्रहही त्यात आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असता, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना रमाबाईंना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त स्वीकारलेला नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी हे निःसंकोच नमूद केले. ज्या कृतीपायी स्वजनांचा रोष पत्करला, तीच अपुरी होती असे जाहीरपणे म्हणण्यास जे धैर्य लागते, त्याचे मोल चरित्रकारांनी क्वचितच केले आहे. या समर्पणाचा व्यावहारिक परिणाम कटू होता. रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबाबत तटस्थतेचे आश्वासन देऊन चाललेल्या संस्थेबद्दल पालकांच्या मनात शंका उद्भवावी, यात गैर काही नव्हते. रमाबाईंनी दार बंद केले नाही, एवढेच.

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव, आजच्या दौंड तालुक्यातले, भीमेच्या अलीकडचे. नदीपलीकडे शिरूर तालुका. अमेरिकेतील मदतीची मुदत संपल्यावर फळबागेचे उत्पन्न मिळावे, या हिशेबाने येथली जमीन घेतलेली होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पुण्यातील प्लेग यांनी तो हिशेब बदलला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी उपाशी मुली आणल्या; १८९८ मध्ये मुक्ती सदनाची प्रतिष्ठापना झाली; १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आईवडिलांना उपासमारीने जाताना पाहिलेल्या मुलीने हे केले, याला योगायोग म्हणता येणार नाही. १९०५ मध्ये तेथे सामुदायिक प्रार्थनेचा, पापकबुलीचा आणि अश्रूंचा जो पूर आला, त्याची वर्णने देशोदेशी गेली.

त्याहून महत्त्वाची, निदान मराठीच्या अभ्यासकाला, वाटावी अशी घटना मात्र एका मेजावर घडत होती. उतारवयाकडे झुकलेल्या, कानांनी कमी ऐकू येणाऱ्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करू लागल्या होत्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर, आणि म्हणून हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थच्छटांनी भारलेले वाटे; खेड्यातील अशिक्षित स्त्रीला समजेल असे शब्द त्यांना हवे होते. क्रुसावर संस्कृत मागणारी पंडिता आता संस्कृतच सोडत होती. जे आईकडून मिळाले, ज्यावर पोट भरले, ज्याने पदवी दिली, ते सारे तिने मुद्रणालयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. त्याची किंमत भाषेने मोजली: मुळाशी अक्षरशः एकनिष्ठ राहण्याच्या हट्टापायी वाक्ये अनेकदा अडखळतात, आणि ही आवृत्ती ख्रिस्ती मंडळ्यांतही सर्वमान्य झाली नाही. ललित गद्य म्हणून तिचा निकाल लावणे सोपे आहे. ती नित्य उपासना म्हणून लिहिली गेली, ही बाब त्या निकालात येत नाही.

नवा करार १९१३ मध्ये निघाला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या स्त्रिया मुक्ती सदनातल्याच होत्या.