बर्फावरचा आचार्य

रशियात हिवाळा आला, की नद्या व तळी गोठून जातात आणि अंगणांतही बर्फाचे थर साचतात. तळाला पोलादी पाते असलेले बूट पायांत चढवून या बर्फावरून सुसाट धावणे, हा तेथील मुलांचा आवडता खेळ. अशा मुलांतूनच अनातोली तारासोव्ह पुढे आले आणि बर्फावरील हॉकीचे थोर शिक्षक म्हणून जगभर कीर्ती पावले.

तारासोव्ह यांचा जन्म १० डिसेंबर १९१८ रोजी मॉस्को येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे अनातोली व त्यांचा धाकटा भाऊ युरी यांना आईने कष्टाने वाढविले. त्या काळी रशियात बर्फावर चेंडूने हॉकी खेळत. मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढे मोठे असे आणि प्रत्येक संघात अकरा गडी असत. दोघे भाऊ या खेळात तरबेज झाले. कॅनडातील हॉकी मात्र निराळे होते. त्यात एका वेळी सहाच गडी उतरत. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असे आणि लहानशा मैदानाभोवती लाकडी कठडा असे. सोव्हिएत संघराज्यात या नव्या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली. त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे तारासोव्ह खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामे एकाच वेळी करू लागले.

परंतु जो खेळ कोणी शिकविलेला नाही, तो इतरांना शिकवावा कसा? कॅनडातील नामांकित खेळाडू तारासोव्ह यांच्या दृष्टीसही पडले नव्हते. त्यांचे गुरू मिखाईल तोवारोव्स्की यांनी त्यांना परक्यांचे अनुकरण न करता आपला मार्ग आपण शोधण्याचा उपदेश केला. तो त्यांनी मनावर घेतला. चेंडूचे हॉकी आणि फुटबॉल या ओळखीच्या खेळांतून त्यांनी नव्या खेळाची रीत बांधली. कॅनडाचे खेळाडू अंगबळावर भर देत. तारासोव्ह यांनी सहकार्यावर भर दिला. माणूस कितीही वेगाने धावला, तरी टोलवलेली चकती त्याच्या पुढे जाते. म्हणून ती स्वतःपाशी न ठेवता योग्य क्षणी सोबत्याकडे द्यावी, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार होते. १९४८ साली चेकोस्लोव्हाकियाचा नामवंत संघ मॉस्कोत आला. तीन सामन्यांपैकी एक सोव्हिएत खेळाडूंनी जिंकला, एक गमावला आणि एक बरोबरीत सुटला. आपली वाट योग्य आहे, अशी तारासोव्ह यांची खात्री पटली. उन्हाळ्यात बर्फ नसे, तेव्हा ते खेळाडूंकडून धावणे, वजने उचलणे, कोलांट्या मारणे आणि फुटबॉल खेळणे असा कठोर सराव करून घेत.

जानेवारी १९५० मध्ये त्यांच्यावर दारुण आघात झाला. हवाई दलाच्या हॉकी संघाला घेऊन जाणारे विमान स्वेर्दलोव्स्क शहरानजीक कोसळले आणि त्यातील सर्वांचा अंत झाला. मृतांत युरीही होता. ज्या संघात तारासोव्ह यांनी स्वतः प्रारंभी काम केले होते, तोच हा संघ. हे दुःख उरात ठेवून ते सैन्याच्या संघाला शिकवीत राहिले.

सैन्याच्या संघाने त्यांच्या हाताखाली अनेक अजिंक्यपदे मिळविली. पुढे राष्ट्रीय संघाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. परंतु तेथे यशाने हुलकावणी दिली. १९५८ व १९५९ च्या जागतिक स्पर्धांत संघ दुसरा आला आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या स्थानी घसरला. प्रमुखपद गेले आणि ते अर्कादी चेर्निशोव्ह यांच्याकडे आले. चेर्निशोव्ह हे दिनामो संघाचे प्रशिक्षक, म्हणजे तारासोव्ह यांचे कट्टर प्रतिस्पर्धी. १९५४ साली देशाला पहिले जागतिक अजिंक्यपद त्यांच्याच नेतृत्वाखाली लाभले होते. आता या प्रतिस्पर्ध्याच्या हाताखाली दुय्यम प्रशिक्षक होण्याचा प्रसंग तारासोव्ह यांच्यावर आला. स्वभावाने ते मानी, तापट आणि आपल्या मतांचे हट्टी होते. तरीही त्यांनी ते स्थान पत्करले.

त्याचे फळ अपूर्व मिळाले. तारासोव्ह यांनी सरावाने संघ घडवावा आणि शांत वृत्तीच्या चेर्निशोव्ह यांनी ऐन सामन्यात तो सांभाळावा, अशी ही जोडी जमली. १९६३ पासून १९७१ पर्यंत सलग नऊ वेळा सोव्हिएत संघ जगज्जेता ठरला. १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही ऑलिंपिकमध्येही त्याने सुवर्णपदक मिळविले.

तारासोव्ह यांच्या तापटपणाचे फळही त्यांना भोगावे लागले. १९६९ साली स्पार्ताक संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आपल्या संघाचा एक गोल अमान्य होताच त्यांनी रागाने खेळाडूंना मैदानाबाहेर नेले. खेळ बराच वेळ थांबला. अखेर सामना आणि अजिंक्यपद दोन्ही हातचे गेले. शासनाने दिलेली सन्मानित प्रशिक्षकाची पदवीही काढून घेण्यात आली; ती पुढे परत मिळाली.

मुलांवर त्यांची विशेष माया होती. १९६४ साली सुरू झालेल्या ‘सोनेरी चकती’ या मुलांच्या स्पर्धेसाठी ते झटले. गल्लीबोळांतील मुलांचे संघ या स्पर्धेत उतरत. त्यांनी पारखलेल्या तरुणांत व्लादिस्लाव त्रेत्याक हा गोलरक्षकही होता.

कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी आपल्या संघाने सामना द्यावा, ही तारासोव्ह यांची जुनी आकांक्षा होती. १९७२ साली ती फळाला आली. पण त्यापूर्वीच त्यांचे राष्ट्रीय संघातील काम संपले होते. २ सप्टेंबर रोजी माँट्रिऑल येथे सोव्हिएत संघाने कॅनडाचा ७–३ असा पराभव केला, तेव्हा प्रशिक्षकाच्या जागी त्यांचे जुने सहखेळाडू बोब्रोव्ह उभे होते. आठ सामन्यांची ती मालिका अखेर कॅनडाने थोडक्यात जिंकली. तथापि, तारासोव्ह यांनी घडविलेल्या खेळाची थोरवी सर्वांना पटली. गोल राखीत होता त्यांचाच त्रेत्याक.

१९७४ साली टोरोंटो येथील हॉकी कीर्तिमंदिरात तारासोव्ह यांचे नाव कोरले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले सोव्हिएत नागरिक होत. २३ जून १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. चकती सोबत्याकडे सोपवावी, हा धडा त्यांनी खेळाडूंना आयुष्यभर दिला. मानी स्वभावाला मुरड घालून दुसरे स्थान पत्करले, तेव्हा तोच धडा त्यांनी स्वतः गिरविला. आणि त्यानंतरच त्यांच्या विद्येला यशाचे फळ आले.