डग्लस ॲडम्स

डग्लस नोएल ॲडम्स (११ मार्च १९५२ – ११ मे २००१) हे इंग्लिश विनोदी लेखक होते. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही नभोनाट्यमाला व तिच्यातून पुढे आलेल्या पाच कादंबऱ्या यांमुळे ते जगभर परिचित आहेत. विज्ञानकथेच्या चौकटीत त्यांनी नोकरशाही, तत्त्वज्ञान व माणसाचा अहंकार यांची थट्टा केली. मालेतील त्यांची शेवटची कादंबरी, ‘मोस्टली हार्मलेस’ (१९९२), मात्र विषण्णतेकडे झुकणारी आहे.

जीवन व लेखन

ॲडम्स यांचा जन्म केंब्रिज येथे झाला. एसेक्समधील ब्रेंटवुड शाळेत शिक्षण घेतल्यावर केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १९७४ साली ते इंग्रजी साहित्याचे पदवीधर झाले. तेथील ‘फुटलाइट्स’ या विद्यार्थी नाट्यमंडळात त्यांच्या विनोदी लेखनाला वळण मिळाले. पुढे ‘माँटी पायथन’ या चमूतील ग्रॅहॅम चॅपमन यांच्यासह त्यांनी लेखन केले; परंतु उत्पन्न बेभरवशाचे असल्याने काही काळ अंगरक्षकाची नोकरीही करावी लागली.

८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वरून ‘हिचहायकर्स गाइड’चे प्रसारण सुरू झाले. अंतराळातील वळणरस्त्यासाठी पृथ्वी पाडली जाते आणि आर्थर डेंट हा सामान्य इंग्रज गृहस्थ फोर्ड प्रीफेक्ट या परग्रहवासी मित्रामुळे बचावतो, अशी ही कथा आहे. १९७९ साली तिची कादंबरी झाली व १९८१ साली दूरचित्रवाणी मालिका.

ठरलेल्या मुदतीत लेखन पूर्ण न करण्याबद्दल ॲडम्स प्रसिद्ध होते. चौथी कादंबरी (१९८४) पूर्ण व्हावी म्हणून मूळचे भारतीय असलेले संपादक सनी मेहता त्यांच्यासोबत हॉटेलात मुक्कामास राहिले. प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवार्डीन यांच्यासह लिहिलेले ‘लास्ट चान्स टू सी’ (१९९०) हे पुस्तक नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या शोधातील प्रवासाचे वर्णन करते.

१९९१ साली त्यांचा विवाह जेन बेल्सन यांच्याशी झाला. त्यांना एक कन्या आहे.

‘मोस्टली हार्मलेस’

फोर्डने पंधरा वर्षे पृथ्वीवर राहून केलेले लेखन आकाशगंगेच्या मार्गदर्शिकेत ‘बहुतांशी निरुपद्रवी’ एवढ्याच नोंदीपुरते उरते. पहिल्या भागातील हा विनोद पाचव्या भागाचे शीर्षक झाला.

या भागात आर्थरची प्रेयसी फेंचर्च अवकाशप्रवासात नाहीशी झालेली आहे. एका मागासलेल्या ग्रहावर सँडविच बनवण्याच्या कामात त्याला समाधान लाभते. पण जिच्या अस्तित्वाची त्याला कल्पनाही नव्हती अशी रँडम ही मुलगी त्याच्या आयुष्यात येते. आपले घर कोणते, हा तिचा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी आहे. अखेरीस सर्व समांतर विश्वांतील पृथ्वी नष्ट केल्या जातात. विनाशाच्या क्षणी आर्थरला मात्र शांती वाटते. भटकंती संपल्याचे समाधान आणि सर्वस्व गमावल्याचे दुःख यांत एकत्र येते.

वैयक्तिक अडचणींच्या काळात लिहिल्यामुळे पुस्तक उदास झाले, असे ॲडम्स यांनी पुढे मान्य केले. अधिक प्रसन्न शेवट असलेला सहावा भाग लिहिण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती.

मृत्यू व त्यानंतर

१९९९ साली ॲडम्स सहकुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. तेथे व्यायामशाळेत हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सहावा भाग लिहिला गेला नाही. अपूर्ण लेखनाचा संग्रह ‘द सॅमन ऑफ डाउट’ २००२ साली प्रकाशित झाला. २००५ च्या नभोनाट्य रूपांतरात पाचव्या भागाला सुखद शेवट जोडण्यात आला आणि २००९ साली ओएन कोल्फर यांनी बेल्सन यांच्या संमतीने सहावी कादंबरी लिहिली.

कथेतील प्रवाशाला टॉवेल अत्यावश्यक मानला असल्याने २५ मे हा दिवस वाचक त्यांच्या स्मरणार्थ ‘टॉवेल दिन’ म्हणून पाळतात.