डॉ. हाफकिन

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु १९२५ साली ज्यांचे नाव तिला देण्यात आले, त्या महापुरुषाचे चरित्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी आपल्याच अंगी टोचून घेतली.

तथापि एकाला अपाय झाला नाही, एवढ्यावरून लस गुणकारी ठरत नाही. म्हणून लस घेणारे आणि न घेणारे, अशा दोहोंची मोजदाद हाफकिन यांनी ठेवली. १८९७ साली प्लेग आपल्या आमलीजवळच्या दमणला पोहोचला. त्या काळी आमलीप्रमाणे तेथेही पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतील ३६ दगावले. उरलेल्या ६,०३३ जणांपैकी मात्र १,४८२ मृत्युमुखी पडले.

यावर कोणी म्हणेल, लस घेणारे कदाचित सुखवस्तू असतील, हवेशीर घरांत राहत असतील. या शंकेचे उत्तर बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ साली मिळाले. तेथे प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांनाच लस देण्यात आली. छप्पर एक, अन्न एक. भेद केवळ लसीचा. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मरण पावले. शंका फिटली, पण ते २६ जीव मनाला चटका लावून जातात.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या दिवशी अन्य बाटल्यांतून लस घेणाऱ्यांना काहीही झाले नव्हते. हे नीट ध्यानी घेऊन रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांचा कैवार घेतला. अखेर १९०७ साली ते दोषमुक्त ठरले आणि पुन्हा हिंदुस्थानात कामावर रुजू झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, आरोग्यसेविका दारी येऊन घरातील आजाऱ्यांची चौकशी करतात, तेव्हा काही न लपवता खरे तेच सांगा. हाफकिन यांची लस लोकांच्या विश्वासास उतरली ती अशाच खऱ्या नोंदींच्या बळावर.