वाचणाऱ्या स्त्रीचा चित्रकार : राजा रविवर्मा

एकोणिसाव्या शतकात कोरो, रेन्वार अशा फ्रेंच चित्रकारांनी पुस्तकात रमलेली स्त्री आवडीने रंगविली. आपल्याकडे ती राजा रविवर्मा यांच्या कुंचल्यातून अवतरली.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगाचे तंत्र त्यांनी बरेचसे पाहूनच आत्मसात केले. १८७६ साली त्यांनी कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला रंगविली. १९०२ च्या एका चित्रात तर उघडे पुस्तक समोर घेऊन पहुडलेली नायर स्त्री दिसते. ती देवी नाही, पुराणातली नायिकाही नाही. आपल्या घरात निवांत वाचणारी बाई आहे.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. कर्जापायी तो विकावा लागला, पण छापील चित्रांतून पोथी धारण केलेली सरस्वती सामान्यांच्या भिंतीवर पोचली. मुलगी शिकली तर विधवा होते, अशी समजूत असलेला तो काळ! देवीच्या पोथीला हात जोडणारे घर लेकीच्या हाती पुस्तक द्यायला कचरत होते.

२ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा निवर्तले. मोहाडीत आज पुस्तक उघडून बसणाऱ्या आपल्या भगिनींनी त्यांची ती वाचणारी स्त्री एकदा अवश्य पाहावी.