जॉर्ज ब्यूकॅनन : वंशकथेची छाननी करणारा इतिहासकार

कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल स्कुथी लोकांचा उल्लेख करतो. हे स्कुथी कोण, असा प्रश्न शब्बाथशाळेतील एखादे चौकस मूल हमखास विचारते. काळ्या समुद्राच्या उत्तरेस गवताळ मैदानांत घोड्यांच्या पाठीवर आयुष्य काढणारे हे लोक. ग्रीकांच्या लेखी ते रानटी. परंतु युरोपच्या दुसऱ्या टोकाला असे एक राष्ट्र होते, की ज्याला आपण स्कुथ्यांच्या देशातून आलो असे सांगण्यात शेकडो वर्षे अभिमान वाटत होता. ते राष्ट्र म्हणजे स्कॉटलंड. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली ज्या देशातून मुंबईस आले, तोच हा देश. या वंशकथेला कसोटी लावणाऱ्या एका विद्वानाची ही हकिकत आहे.

जॉर्ज ब्यूकॅनन यांचा जन्म १५०६ साली स्कॉटलंडमधील किलर्न या गावी झाला. वडील लवकर वारले. आईने आठ मुलांना गरिबीत वाढवले. मुलाची हुशारी पाहून मामांनी त्याला १५२० साली पॅरिसला शिकण्यास पाठवले. पण दोनच वर्षांत मामा निवर्तले आणि आजारी, निष्कांचन जॉर्ज घरी परतला. पुढे सेंट अँड्र्यूज येथे पदवी घेऊन तो पुन्हा पॅरिसला गेला व तेथे शिक्षक झाला. लॅटिन भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व होते, की त्या काळच्या श्रेष्ठ लॅटिन कवींत त्यांची गणना होऊ लागली.

मायदेशी परतल्यावर फ्रान्सिस्कन संन्याशांच्या ढोंगावर त्यांनी उपहासात्मक कविता लिहिल्या. त्यामुळे १५३९ साली त्यांना अटक झाली. पहारेकरी झोपले असता ते खिडकीवाटे निसटले व फ्रान्सला पोहोचले. बोर्दो येथील विद्यालयात त्यांनी इफ्ताह आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांच्यावर नाटके लिहिली. पुढे प्रसिद्धीस आलेला निबंधकार माँतेन हा तेथे त्यांचा विद्यार्थी होता.

१५४७ साली ते पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे शिकवण्यास गेले. तीन वर्षांनी इन्क्विझिशनने त्यांना पकडले. हीच पोर्तुगीज न्यायसभा १५६० साली गोव्यातही स्थापन झाली, हे गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको. लेंटच्या दिवसांत मांस खाल्ले, संन्याशांची निंदा केली, असे आरोप त्यांच्यावर होते. शिक्षा म्हणून त्यांना लिस्बनजवळच्या एका मठात ठेवण्यात आले. त्या कोंडवाड्यात त्यांनी दाविदाची स्तोत्रे लॅटिन पद्यात उतरवण्याचे काम हाती घेतले. हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्या शाळांतून अभ्यासला गेला. १५५२ साली त्यांची सुटका झाली.

सुमारे १५६१ साली ते स्कॉटलंडला परतले आणि धर्मसुधारणा स्वीकारलेल्या मंडळीत सामील झाले. राणी मेरी हिच्याबरोबर ते लॅटिन इतिहास वाचत. तिने त्यांना वेतनही बांधून दिले. १५६७ साली, स्वतः पाळक नसताना, ते मंडळीच्या सर्वसाधारण सभेचे नियंत्रक झाले. त्याच वर्षी राणीला सिंहासन सोडावे लागले. त्यानंतर ब्यूकॅनन यांनी आपल्या या जुन्या आश्रयदात्रीवर अत्यंत कठोर आरोप करणारे लिखाण केले. ते पक्षपाती होते, असे इतिहासकार मानतात. १५७० पासून राणीचा मुलगा, बालराजा जेम्स, याचे ते गुरू झाले. वृद्धापकाळी त्यांनी स्कॉटलंडच्या इतिहासाचे वीस भाग लिहून पूर्ण केले.

आता ती वंशकथा. गायथेलस नावाचा एक राजपुत्र मिसर देशात गेला व फारोची कन्या स्कोटा हिच्याशी त्याने विवाह केला. फारो तांबड्या समुद्रात बुडाल्यावर हे जोडपे भटकत स्पेनला आले, त्यांचे वंशज आयर्लंडला व तेथून स्कॉटलंडला गेले, आणि स्कोटाच्या नावावरून ते स्कॉट झाले. १३२० साली स्कॉटिश सरदारांनी पोपला जे पत्र धाडले, त्यात आपण बृहत् स्कुथियातून स्पेनमार्गे आलो, असा दावा होता. स्कॉट आणि स्कुथी या नावांतील साम्यामुळे ही गोष्ट खरी वाटे. तिच्यामागे राजकारणही होते. ट्रॉयच्या ब्रूटसपासून आपला वंश निघाला, म्हणून सारे बेट आपले, असे इंग्रज म्हणत. त्याला उत्तर म्हणून स्कॉटांना त्याहून जुना वंश हवा होता.

ब्यूकॅनन यांनी ब्रूटस आणि गायथेलस या दोन्ही कथा बनावट म्हणून फेकून दिल्या. त्याऐवजी त्यांनी प्राचीन गावांची नावे गोळा केली. त्यांतील शब्दांचे साम्य पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की ब्रिटनचे जुने रहिवासी प्राचीन गॉल देशातील लोकांचे भाषाबंधू होत. केल्टिक भाषांच्या अभ्यासाची ही सुरुवात मानली जाते. स्कॉट हे नाव मुळात आयर्लंडच्या लोकांचे होते, हे आज सर्वमान्य आहे. स्कुथ्यांशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

१५८१ साली काही मित्र त्यांना भेटावयास गेले, तेव्हा हा राजगुरू आपल्या नोकर पोराला अक्षरे जोडून वाचावयास शिकवत बसला होता. नंतर ते मित्र छापखान्यात गेले. मेरीच्या काळातील एका दफनविधीचा मजकूर त्यांना इतका झोंबणारा वाटला, की राजा सारा ग्रंथ अडवील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. ब्यूकॅनन यांनी एवढेच विचारले, की लिहिले ते खरे आहे काय? खरे आहे असे आपल्याला वाटते, हे मित्रांनी कबूल केले. मग राजाचा रोष सोसण्यास आपण तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. १५८२ साली ग्रंथ बाहेर आला व त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ते एडिंबरो येथे वारले. दोन वर्षांनी तो ग्रंथ परत मागवण्याचा कायदा झाला.

परंतु चरित्र येथेच संपवले तर ते अपुरे राहील. हेक्टर बोईस या आधीच्या लेखकाने सुमारे चाळीस प्राचीन राजांची यादी दिली होती. तीही गायथेलसइतकीच निराधार होती. ब्यूकॅनन यांनी मात्र ती ठेवली, कारण प्रजेने दुष्ट राजांना पदच्युत केल्याचे दाखले त्यांना त्या यादीत मिळत होते. प्रजेचा तो हक्क हे त्यांचे आवडते मत होते. अखेर १७२९ साली थॉमस इन्स या रोमन कॅथॉलिक पाळकाने या राजांची कथा मोडीत काढली.

वाचकहो, जी दंतकथा आपल्या उपयोगाची नव्हती, तिच्यातील खोट या थोर विद्वानाला चटकन दिसली. जी उपयोगाची होती, तिच्यापुढे त्याची तीक्ष्ण नजर मंद झाली. राजाच्या रोषाला तोंड देण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते. आपल्या आवडत्या मताला तोच प्रश्न विचारणे मात्र त्याला जमले नाही. आपल्या घराण्याच्या, गावाच्या आणि मंडळीच्या गोष्टी मुलांना सांगताना हे ध्यानात ठेवावे. आणि वंशाचा अभिमान डोके वर काढू लागला, तर कलस्सैकरांस पत्राचे ते वचन पुन्हा उघडावे. तेथे स्कुथीही आहे, पण तो कोणाच्या वंशाचा मोठेपणा वाढवण्यासाठी नव्हे.